कपाटातले मारुती

राऊ गावाच्या पुढे, नमकीनची पाकिटं छापणाऱ्या कारखान्यात सुनंदाबाई स्टोअर सांभाळायच्या. शाई, थिनर, हातमोजे, चिंध्या, सगळं त्यांच्या किल्लीखाली. वय पंचावन्न, आवाज खणखणीत, आणि कृष्णपुऱ्याकडे कीर्तन आहे असं कानावर आलं की संध्याकाळी पाय आपोआप तिकडे वळायचे. बुवांनी पूर्वरंगात काय निरूपण केलं, उत्तररंगात कुठलं आख्यान लावलं, हे दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साऱ्यांना ऐकावं लागे. कुणाची तक्रार नसायची. बाई नुसतं सांगत नसत, डब्याच्या झाकणावर ठेका धरून म्हणून दाखवत.

हनुमान जयंतीला बुवांनी मारुतीचं आख्यान लावलं. मोती फोडून आत राम शोधणारा मारुती, त्याला हसणारी सभा, आणि मग त्याने स्वतःच्या हातांनी उघडून दाखवलेली छाती. सुनंदाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. त्याच आठवड्यात कारखान्यात नव्या थिनरचे ड्रम आले.

ड्रमच्या लेबलावर खूप सारं बारीक इंग्रजी आणि कोनावर उभ्या तीन लाल चौकटी होत्या. एकीत ज्वाळा. एकीत उद्गारचिन्ह. आणि तिसरीत काळा, भरदार खांद्यांचा एक जण, छातीपर्यंतचा. त्याच्या छातीत पांढरी चांदणी फुटलेली.

बाईंनी हात जोडले.

आता ड्रमची गत काय असते? माणसं तो पायाने ढकलतात, लोळवत नेतात, रिकामा झाला की सियागंजच्या भंगारवाल्याच्या गाडीत फेकतात. मारुतीराया असा धुळीत लोळणार? बाईंनी फडकं ओलं केलं, ब्लेड घेतलं आणि तेवढी एक चौकट अलगद सोडवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. पुढच्या ड्रमची तिच्या शेजारी. बघता बघता दोन रांगा झाल्या. रोज कुंकवाचं बोट, मोगऱ्याचं फूल. अगरबत्ती मात्र कधी लावली नाही. ज्वाळेचं चित्र त्यांना पक्कं कळत होतं.

हे थिनर जायचं धुलाईच्या खोलीत. तिथे मैत्री छपाईचे रोलर पुसायची. तिचं माहेर महूचं. पणजोबा छावणीत शिपाई होते, घरी रोज बुद्धवंदना, पण सुनंदाबाईंचं झाकणावरचं कीर्तन तिला भारी आवडायचं. लग्नाला वर्ष झालं होतं. एका मंगळवारी डबा खाता खाता ती हळूच म्हणाली, "मावशी, अडीच महिने झालेत. पण अभी कुणाला बोलू नका हं. इथे कळलं तर घरी बसवतील."

"मी कशाला बोलू?" बाई म्हणाल्या आणि स्वतःच्या डब्यातला गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला.

मग मोठ्या ऑफिसातून अनीश नावाचा सेफ्टीवाला आला. पडद्यावर चित्रं लावून त्याने सगळ्यांना समोर बसवलं. सुपरवायझर गजाननजी खुर्चीत रेलून जांभया देत होते. सुनंदाबाई मात्र कीर्तनाला बसावं तशा पुढच्या रांगेत, पदर खोचून.

"प्रत्येक केमिकलबरोबर एक सेफ्टी डेटा शीट येते," अनीश सांगत होता. "माल काय आहे, धोका काय आहे, अंगावर सांडलं तर काय करायचं, कोणते हातमोजे घालायचे, सगळं तिच्यात असतं. पण शीट राहते फाइलमध्ये. म्हणून ड्रमवर चित्रं. ही ज्वाळा म्हणजे पेट घेतं. हे उद्गारचिन्ह म्हणजे डोळे चुरचुरतील, डोकं जड होईल. आणि हे तिसरं..."

पडद्यावर मारुती आला. सुनंदाबाईंचा हात नमस्काराला निम्म्यावर गेलाही होता.

"हे सगळ्यात चोर. आज काही कळत नाही. वास रोज श्वासातून आत जातो आणि नुकसान आतल्या आत होत राहतं. छातीतली ही चांदणी म्हणजे ते नुकसान. काही थिनर असे असतात की पोटातल्या बाळालाही त्यांच्यापासून इजा होण्याची शंका असते."

बाईंचा हात तिथेच थांबला. त्यांनी वळून पाहिलं. मैत्रीचा चेहरा पांढरा पडला होता. ओढणीखाली तिने हात पोटाशी घट्ट धरला होता.

"आपल्या ड्रमवर आहे का हे चित्र?" अनीशने विचारलं.

"नाही हो, अनीशजी," गजाननजींनी हात झटकला. "अपने यहां फक्त ज्वाळा आणि तो उद्गारवाला. मी रोज बघतो ना."

मैत्रीने श्वास सोडला. तिच्या गालांवर रंग परत आला, ती शेजारणीकडे बघून हसलीसुद्धा.

ते हसू सुनंदाबाईंना सोसवलं नाही. गप्प बसलं तर कुणाला काय कळणार होतं? संध्याकाळी कपाट साफ करायचं, विषय संपला. सतरा वर्षांची किल्ली कमरेला तशीच राहिली असती. पण ही पोर उद्या सकाळी पुन्हा त्या खोलीत जाणार, आणि जाणार ती निर्धास्त होऊन.

बाई उभ्या राहिल्या. "आहे ते चित्र. प्रत्येक ड्रमवर होतं. मी काढलं."

कुणाला काही कळेना. बाईंनी कमरेची किल्ली काढली आणि सगळ्यांना स्टोअरमध्ये नेऊन कपाट उघडलं. दोन रांगांत चौदा मारुती, चौदा कुंकवाचे ठिपके, सकाळचा ताजा मोगरा.

"अरे बाप रे!" गजाननजी पोट धरून हसायला लागले. "मावशी, तुम्ही तर इथे मंदिरच उघडलं भिया! प्रसाद कुठाय?"

"हसा," बाई म्हणाल्या. "मला वाटलं मारुतीराया आहे, पायदळी यायला नको. चूक माझी. किल्ली घ्यायची तर घ्या. पण तेवढं धुलाईच्या खोलीचं आधी बघा."

अनीश हसला नव्हता. तो कपाटाजवळ वाकून बघत होता. "गजाननजी, तुम्ही रोज बघत होतात ना?" तो म्हणाला. "चौदा लेबलांना भोकं पडली, तुम्हाला एक दिसलं नाही. या कारखान्यात लेबल नीट बघणाऱ्या एकट्या ह्याच आहेत."

गजाननजींचं हसू मिशीतच विरलं. तेवढ्यात मागून मैत्री पुढे आली. "सर, मला पण काही सांगायचंय," ती म्हणाली आणि येऊन मावशींच्या शेजारी उभी राहिली.

त्याच दुपारी ती पॅकिंगला गेली, पगार तोच ठेवून. अनीशने तसं मालकांकडून फोनवर वदवूनच घेतलं. धुलाईच्या खोलीत हवा बाहेर खेचणारा पंखा बसला, वासाला अडवणारे मास्क आले. किल्ली सुनंदाबाईंकडेच राहिली. वर एक काम वाढलं: नव्या माणसाला तिन्ही चित्रं समजावून सांगायची. कपाटातली ती चौदा चित्रं निघाली आणि धुलाईच्या दारावर लागली.

"वाईट वाटलं का हो, मावशी? मारुती नाही निघाला तो," मैत्रीने विचारलं.

"नाही गं. गावाच्या वेशीवर उभा राहून वाईटाला अडवतो तो कोण? हा दारात उभा राहून तेच करतोय." मग जरा थांबून म्हणाल्या, "कुंकू मात्र नाही लावत आता. लोकांना चित्र दिसलं पाहिजे."

महिन्याभराने मैत्री धावतच स्टोअरमध्ये आली. सोनोग्राफी झाली होती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं छान आहे. "ठोके ऐकवले त्यांनी, मावशी! एकदम तुमच्या झाकणासारखे, दुगुनीत!"

बाईंनी देवाला हात जोडले, डोळे पुसले आणि गुळाचा डबा शोधायला लागल्या. तेवढ्यात बाहेर थिनरची गाडी लागली. बाई गेल्या, प्रत्येक ड्रमभोवती फिरल्या. एकाचं लेबल फाटलेलं होतं.

"हा परत," त्या म्हणाल्या.

"अम्मा, कागद फटने से क्या होता है? माल तो वही है," ड्रायव्हर वैतागला.

"काय होतं?" सुनंदाबाईंनी त्याला स्टुलाकडे बोट दाखवलं. "बैठो भिया, सांगते."

त्यांनी पदर खोचला, डब्याचं झाकण मांडीवर घेतलं आणि ठेका धरला. मैत्री गुळाचा खडा चघळत दाराला टेकून ऐकत उभी राहिली.