माझे दुसरे पान

मित्रांनो, मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे, आणि खरे सांगायचे तर फार वैतागलेला आहे. दिसायला बोटाएवढा, पण माझ्या पोटात सर्व्हर तपासण्याचे सॉफ्टवेअर आहे. सर्व्हर म्हणजे असा मोठा संगणक, की बाकीचे सगळे संगणक त्याच्याकडेच माहिती मागतात. तो आजारी पडला, तर नेमके कुठे दुखते आहे हे शोधणे माझे काम.

माझा जन्म सर्व्हर बनवणाऱ्या कारखान्यात झाला. त्या सर्व्हरच्या एकेका भागाची ओळख माझ्याकडून पाठ करून घेतली गेली. मग त्याच्याच खोक्यात बसून मी एका डायलिसिस केंद्रात आलो. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत, त्यांचे रक्त तिथे यंत्राने स्वच्छ करतात.

सर्व्हरची खोली सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे काका म्हणत. पहिल्याच वर्षी सर्व्हर सारखा बंद पडू लागला, तेव्हा मी दहा मिनिटांत मेमरीची खराब पट्टी शोधून दिली. काकांनी मला तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवले. "एवढासा आहे, पण भल्याभल्यांना पाणी पाजेल!"

मी फुशारलो, आणि तिथेच घात झाला. माझ्या कडेला एक बारीक खटका आहे. तो बंद केला की माझ्यात कोणालाच काही बदलता येत नाही. काकांनी मायेने तो बंद केला आणि वर निळी चिकटपट्टी लावली. "आता याला कोणी बिघडवणार नाही."

दर सोमवारी ते माझा अहवाल छापून फाइलला लावत. अहवालाची पाने दोन. पहिल्यावर तपासलेले भाग आणि तळाशी 'सर्व ठीक'. दुसऱ्यावर, जे भाग मला ओळखता आले नाहीत ते. तेव्हा दुसरे पान कोरेच निघे. म्हणून काकांनी कागद वाचवायला एकच पान छापायची सवय लावून घेतली.

पुढे जुना सर्व्हर गेला आणि नवा आला. त्याच्या दोन्ही डिस्क नव्या जातीच्या. मला त्या कशा ओळखू याव्यात? माझी नवी आवृत्ती घ्या, असे कारखान्याने तीनदा कळवले. काका म्हणाले, "चालतंय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?"

मी सव्वा वर्ष दर सोमवारी दुसऱ्या पानावर लिहीत राहिलो : 'दोन डिस्क ओळखता आल्या नाहीत. तपासणी झालेली नाही.' पण ते पान छापतो कोण! पालथ्या घड्यावर पाणी.

रुग्णांच्या सगळ्या नोंदी दोन्ही डिस्कवर सारख्याच असत. एक गेली तर दुसरी सांभाळून घेई. एक कधीतरी गुपचूप गेली. तिचा धोक्याचा पिवळा दिवा झाकणाआड लागून राहिला. मग एका सकाळी दुसरीही अडखळू लागली आणि केंद्रातल्या सगळ्या संगणकांचे पडदे गोठले.

बाहेर खुर्चीवर एक निवृत्त मास्तर बसले होते. डायलिसिसची आदली पाळी चुकल्यामुळे पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. दार उघडे असल्याने मला सगळे ऐकू येत होते.

"मास्तर, मागे कुठल्या औषधाने तुमचा श्वास कोंडला होता?" सिस्टरने विचारले. "ते नोंदीत आहे. ती उघडल्याशिवाय मी यंत्र लावणार नाही."

"नाव आठवत नाही हो," मास्तर म्हणाले. "जन्मभर पोरांकडून पाठांतर करून घेतलं, आणि माझंच पाठ नाही."

काकांनी मला जोडले. 'सर्व ठीक.' पुन्हा जोडले. 'सर्व ठीक.' तिसऱ्यांदा त्यांनी मला चक्क झटकले. "अरे, बोल की लेका!"

मी सव्वा वर्ष बोलतच होतो, मित्रांनो!

महिन्यापूर्वी रुजू झालेली इंजिनियर ताई धावत आली. तिने अहवाल पाहिला. "काका, 'पान एक, एकूण दोन' लिहिलंय. दुसरं कुठाय?"

"ते कोरंच असतं गं."

तिने ते छापले. काकांनी ते दोनदा वाचले. "म्हणजे हा आंधळा झालाय?"

"आंधळा नाही, काका. घरात नवी माणसं आली आणि आपण याला ओळखच करून दिली नाही."

तिने चिकटपट्टी सोलली, खटका सरकवला आणि दुसऱ्या संगणकावरून माझ्यात नवी आवृत्ती भरली. पंधरा मिनिटे लागली. इतकेच! मग मी एका दमात सांगितले : पहिली डिस्क मेली आहे, दुसरी जिवंत आहे, पण फार दिवसांची सोबतीण नाही. ताईने आधी त्या जिवंत डिस्कवरच्या नोंदी वेगळ्या संगणकावर उतरवून घेतल्या आणि मास्तरांची नोंद उघडली.

"हेच औषध आज काढून ठेवलं होतं," सिस्टर हळूच म्हणाली आणि तिने ती बाटली परत कपाटात ठेवली. दुपारी मास्तरांचे यंत्र सुरू झाले.

मित्रांनो, आम्हाला जपा; पण जपणे म्हणजे बंद करून ठेवणे नव्हे. जग बदलले की आम्हालाही नवे शिकवा. आणि आमचे म्हणणे शेवटच्या पानापर्यंत वाचा.

आता काका दर सोमवारी दुसरे पान आधी वाचतात, तेही मोठ्याने. मात्र परवा ते मला निरखत म्हणाले, "आता कसा ताजातवाना झालाय! पट्टी लावून टाकू का?"

ताईने नुसते मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. काकांनी चिकटपट्टी मुकाट्याने खिशात घातली.