तीन दिवस गोळ्या बंद

सोजरबाईंनी आधी अंगणात डोकावून पाहिलं. जानराव बैलांना पाणी दाखवत होते. मग त्या सुनेच्या कानाशी लागल्या.

"वैभवी, कोनाले सांगू नको. गणेशलेही नाई."

"काय झालं आई?"

"परसाकडे काळं होऊन राह्यलं. डांबरावानी. आठ दिवस झाले."

वैभवीची एसटी सात वीसची होती. आसेगावहून मंगरूळपीरला ती रोज जायची, तिथल्या एका लॅबमध्ये कामाला होती. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी यांच्यात तिचा दिवस जायचा. पण घरच्या माणसाचा नमुना आजवर तिच्या हातात आला नव्हता.

"आठ दिवस? अन् आज सांगता?"

"लाज वाटते ना व सुनेले सांगाले." सोजरबाईंनी पदर तोंडाशी धरला. "अन् भेवबी वाटलं. रुपाबाईचं असंच झालतं. महिन्याच्या आत गेली."

रुपाबाई ही शेजारची. तिच्या पोटात जखम झाली होती, आतल्या आत रक्त वाहत होतं, हे वाशीमला नेल्यावर कळलं आणि तोवर उशीर झाला होता.

एसटीत बसल्यावर वैभवीनं मनातल्या मनात दोन कारणं मांडली. पहिलं साधं. दोन महिन्यांपूर्वी सासूचं रक्त आठ पूर्णांक दोन निघालं होतं, तेव्हापासून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. लोहानं शौच काळी होते, त्यात काही बिघडत नाही. दुसरं कारण तिला नको होतं. सोजरबाईंचे गुडघे दुखायचे. तुरीच्या सोंगणीत त्या मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी दिवसाला दोनदा घेत होत्या, तीही उपाशीपोटी. त्या गोळीनं पोटात जखम होते, आणि त्या रक्तानंही शौच काळीच होते. नुसतं पाहून ठरवता येत नाही. शिवाय एक गोष्ट तिला टोचत होती. लोहाच्या गोळ्या दोन महिने चालू होत्या, मग काळं आठ दिवसांपासूनच का?

दुपारी तिनं सासूला लॅबमध्ये बोलावून घेतलं. तिथल्या डॉक्टर साधनाताईंनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं. नऊ पूर्णांक एक.

"कमी झालेलं नाही, थोडं वाढलंच आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून थांबता येईल. लपलेलं रक्त दाखवणारं कार्ड आपल्याकडे संपलंय, वाशीमहून यायला तीन-चार दिवस लागतील. गुडघ्याची गोळी आजपासून कायमची बंद. लोहाच्या गोळ्याही तीन दिवस बंद. लोहाचा रंग असेल तर फिका होईल. नाही झाला, तर दुर्बिणीनं पोट पाहावं लागेल. चक्कर आली, उलटी झाली, तर मात्र तडक यायचं."

घरी आल्यावर वैभवीनं लोहाच्या गोळ्यांची पाकिटं आपल्या कपाटात ठेवून दिली.

पहिल्या दिवशी सकाळी तिनं डब्याला झाकण लावता लावता विचारलं, "आज कसं आई?"

"तसंच."

"काय तसंच?" जानराव चहाचा कप घेऊन मधेच आले.

"आभाळ," सोजरबाई म्हणाल्या. जानरावांनी मान वर करून स्वच्छ आभाळाकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेतला.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. सोजरबाईंचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी नुसती मान हलवली आणि जानरावांच्या मागं शेताकडे चालू लागल्या. लॅबला जाणारी एसटी वैभवीनं सोडली, नवऱ्याला, गणेशला, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "गाडी पाहा. आजच वाशीमला नेऊ. मी आईले घेऊन येतो."

शेत गावापासून दहा मिनिटांवर. ती धापा टाकत गोठ्याच्या दाराशी पोचली आणि तिथंच थबकली.

गोठ्यात तीन दगडांची चूल पेटली होती. जानरावांनी तिच्यातून वखराची मोडकी पास सांडशीनं ओढून काढली. लोखंड लालभडक झालं होतं. त्यांनी ते लोखंडी कढईतल्या ताकात बुडवलं. चर्र झालं, वाफ उठली, आंबट करपट वास सुटला. मग ते पाटीसारखं काळं ताक त्यांनी पेल्यात ओतलं आणि सोजरबाईंनी नाक दाबून एका दमात पिऊन टाकलं.

"बाबा! हे काय?"

"ताक," जानराव म्हणाले. "रक्ताले चांगलं असते. आंबट ताक रातभर कढईत ठेवाचं, सकाळी त्यात लोखंड इझवाचं. माही माय बाळंतिनीले देत होती."

"कधीपासून देऊन राह्यले?"

"झाले असतीन दहा-बारा दिवस."

वैभवी सासूकडे वळली. "आई, मी तुमाले लोहाचं बंद करा म्हटलं होतं ना?"

"बंदच केलं व माय! गोळ्या तूच तं कपाटात ठेवल्या. एकबी घेतली असन तर शप्पथ."

"मंग हे?"

"हे काय औषध हाय?" सोजरबाई चकित होऊन म्हणाल्या. "हे तर ताक हाय!"

वैभवी कडब्याच्या पेंढीवर मटकन बसली. तिला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. जानराव सांडशी धरून तसेच उभे. "हिले काय झालं?" त्यांनी बायकोला विचारलं. "काहून हसून राह्यली ही?"

"मले काय माईत? तुमीच विचारा."

पण हसू म्हणजे रिपोर्ट नव्हे, हे तिला ठाऊक होतं. तेवढ्यात कार्ड आल्याचा लॅबमधून फोन आला. गणेशनं गाडी वाशीमऐवजी मंगरूळपीरला वळवली.

लॅबमध्ये तिनं नमुना स्वतः घेतला, द्रवात कालवला आणि कार्डावर तीन थेंब टाकले. एक रेघ म्हणजे रक्त नाही. दोन म्हणजे आहे. पाच मिनिटं थांबायचं असतं. पहिली रेघ लगेच उमटली. दुसऱ्या रेघेची जागा ती पापणी न हलवता पाहत राहिली. पाच मिनिटं झाली. ती जागा कोरीच होती.

"कार्ड बरोबर आहे गं," मागून साधनाताई म्हणाल्या. "रक्त नाही. आता ऊठ."

बाहेर बाकावर सोजरबाई पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या.

"रक्त नाही आई. सगळं लोखंडाचंच काळं."

"म्हंजे मी मरत नाई?"

"एवढ्यात तरी नाई."

सोजरबाईंनी दीर्घ श्वास सोडला. "मंग मले आधी काईतरी खाऊ घाल. चार दिवसाची उपाशी हाव."

साधनाताईंनी आत बोलावून समजावलं. लोहाच्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या. अंबाडी, फुटाणे, तीळ खुशाल खा, वर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको. ताक साधं प्या. त्या काळ्या ताकात लोह किती उतरतं ते कुणी मोजलेलं नाही, ते बंद. आणि गुडघ्याची ती गोळी पुन्हा घरात दिसता कामा नये.

बसस्टँडजवळच्या हॉटेलात सोजरबाई आलूबोंड्यावर तुटून पडल्या असताना जानरावांचा फोन आला. वैभवीनं सगळं सांगितलं.

"बरं झालं, सुटलो बापा," जानराव म्हणाले. मग घसा खाकरून, "पन रक्त वाढलं ना? थे माह्या ताकानं का तुह्या गोळ्यानं?"

"सांगता येत नाई बाबा. दोन्ही संगच घेतलं त्याइनं."

"मंग ताकानंच," जानरावांनी ठरवून टाकलं.

सोजरबाईंना ते ऐकू गेलं. तोंडातला घास सांभाळत त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. मग त्यांनी रिकामी प्लेट गणेशपुढं सरकवली.

"अजून एक सांग," त्या म्हणाल्या, "अन् मिरची तळून आन म्हन."