सुई आणि स्क्रू

"सिस्टर, आज शेवटची सुई. पुढल्या महिन्यापासून येऊ नका," घड्याळजीने जाहीर केलं.

घड्याळजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. याच्या त्या वाटाण्याला गाठ झाली आणि वाढीचं हार्मोन उघड्या राहिलेल्या नळासारखं वाहू लागलं. चाळिशीत गडी पुन्हा वाढीला लागला! बुटांचं माप शेवटी होडीवाल्याकडे द्यावं लागलं. टाळी वाजवली की पलीकडच्या गल्लीतली दारं आपटायची. खोटं वाटत असेल तर बहिणीला विचारा. ती नाही म्हणेल, पण तिला लहानपणापासूनच रंगवून सांगणं जमत नाही.

ऑपरेशन झालं, तरी गाठ थोडी उरली. म्हणून दर चार आठवड्यांनी कमरेखाली इंजेक्शन. खरं दुखणं मात्र बोटांचं. मनगटी घड्याळांची दुरुस्ती हातची गेली. भिंतीवरची तेवढी उरली.

"वर्ष झालं टोचून घेतोय. बोटं केळ्यासारखी, ती केळ्यासारखीच!"

"हाडं बारीक होत नाहीत, सूज उतरते." सिस्टरने फ्रिजमधली कुपी टेबलावर ठेवली. "औषधाचा गारठा जायला अर्धा तास लागेल. तोवर हे बघा, बंद पडलंय." तिने मनगटावरचं नखाएवढं घड्याळ सोडलं.

"चेष्टा करता माझी?"

"करते."

पुटपुटत त्याने घड्याळ उघडलं. तेलाचा थेंब सोडला. स्क्रू दोनदा निसटला, तिसऱ्यांदा चिमट्यात आला. नेमका तेव्हाच अर्धा तास भरला आणि पाठमोऱ्या सिस्टरने औषधाची पूड द्रावणात मिसळली.

"चला, आडवे व्हा. मिसळलं की लगेच टोचायचं, नाहीतर सुई तुंबते."

"आत्ता? स्क्रू चिमट्यात आहे!"

"औषध थांबत नाही."

"मग उभ्यानेच टोचा. अगं, पायजम्याची नाडी सोड!"

"अहो, दादा बसलाय!" बहीण लाजली.

"दादांना म्हणावं, छत बघा," घड्याळजीने फर्मावलं.

मी छत बघितलं. एरवी हा सुई बघून असा ओरडतो की भिंतीवरची घड्याळं पाच मिनिटं पुढे पळतात. आज चकार शब्द नाही. न राहवून मी खाली पाहिलं. टेबलावर कोपर रोवून तो वाकला होता. मागे सुई आत गेलेली, पुढे चिमट्याचं टोक जागचं हललेलं नाही. सुई निघाली. स्क्रू आपल्या भोकात बसला.

कापूस दाबत सिस्टरने विचारलं, "मग, पुढल्या महिन्यात येऊ की नको?"

"या की. काच बदलायचीय तुमची. किती ओरखडे पाडलेत!"

त्याच्या जाड अंगठ्यावर तेलाचा एवढासा ठिपका राहिला होता. बहीण फडकं घेऊन पुसायला गेली, तर त्याने हात मागे घेतला.

"राहू दे गं जरा."