झेंड्याची घडी

त्याला सगळे पुन्हामामा म्हणत. खरं नाव स्टुडिओच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण पाटी वाचतो कोण.

एकतीस वर्षं तो फोटो काढत होता आणि एकतीस वर्षं त्याचा खाक्या एकच होता. फोटो मनासारखा आला नाही, तर माणसांना तेच पुन्हा करायला लावायचं. नवऱ्यानं नवरीच्या बोटात अंगठी घातली आणि नेमकं मधे कुणाचं डोकं आलं, की याचा हात वर जाणार, "पुन्हा एकदा." मग बोट लाल होईपर्यंत अंगठी आत-बाहेर. एका वाढदिवसाला त्यानं केक चार वेळा कापायला लावला. शेवटी त्या मुलीनं सुरी खाली टाकून भोकाड पसरलं, आणि यानं त्याचाही फोटो काढला. लोक वैतागत, हसत, मागून नावं ठेवत, पण अल्बम हातात पडला की खूश होऊन जात. त्यामुळे आपलं काही चुकतंय असं त्याला कधी वाटलंच नाही. वाटलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि त्याचा फटका त्याला एकट्यालाच बसला असता तर एक वेळ चाललं असतं.

कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्या ताईंचा मुलगा सैन्यात होता. एकुलता एक. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ताईंनी इस्त्री हातात घेतली आणि त्या इस्त्रीवरच त्याला वाढवला. सीमेवरच्या एका चौकीत तो मारला गेला. बातमी मंगळवारी आली, शवपेटी गुरुवारी पोचली. लष्कराचा स्वतःचा फोटोग्राफर असतो, पण त्याची गाडी वाटेत बंद पडली. म्हणून गुरुवारी सकाळी साडेसातला एक कोवळा कॅप्टन स्टुडिओच्या अर्ध्या उघडलेल्या शटरखालून वाकून आत आला.

"मानवंदनेचे फोटो हवेत," तो म्हणाला. "मुख्यालयात जातात, आणि एक अल्बम घरच्यांना. बाकी मागेपुढे झालं तर चालेल. पण आईच्या हातात झेंडा देतानाचा फोटो चुकता कामा नये."

"एकतीस वर्षांत चुकला नाही, साहेब," पुन्हामामा म्हणाला. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना तो जरा फुशारकी मारायचाच.

तरी त्या दिवशी तो शहाण्यासारखा वागला, हे सांगायला हवं. ठेवणीतला काळा शर्ट घातला. वाजणारे बूट घरी ठेवून मऊ चपला घातल्या. मैदानात कडेकडेनं फिरला, कुणाला "जरा सरका" म्हणाला नाही. शवपेटीशेजारी मुलाचा मोठा केलेला फोटो ठेवला होता. तो भरतीच्या अर्जासाठी काढलेला, याच्याच स्टुडिओतला. त्या दिवशी मुलाला हसू आवरत नव्हतं आणि यानं त्याला तीनदा बसवला होता. ते आठवलं आणि त्याला कॅमेऱ्यामागे हुंदका आला. बंदुकांच्या तीन फैरी झाल्या. बिगुल वाजला. सहा जवानांनी पेटीवरचा झेंडा उचलला, ताणला आणि घडीवर घडी घालत त्याचा घट्ट चौकोन केला. कुणाच्या बोटांची चूक झाली नाही.

ताई पहिल्या रांगेत उभ्या होत्या. बसायला खुर्ची दिली होती, ती त्यांनी घेतली नाही. त्या रडत नव्हत्या. कुणाचं तरी लग्न पाहायला आल्यासारख्या नीट उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

कॅप्टन दोन पावलं पुढे गेला, वाकला आणि ती घडी त्यांच्या हातांवर ठेवली. पुन्हामामानं बटण दाबलं. मग स्क्रीनवर पाहतो तर काय, फोटोभर कॅप्टनची पाठ. आई नाही, झेंडा नाही, नुसता कडक इस्त्रीचा गणवेश आणि पट्टा.

तेव्हा त्याची जीभ त्याच्या अकलेच्या पुढे धावली. हात आपोआप वर गेला आणि तो नेहमीच्या त्या सरावलेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, पुन्हा एकदा. जरा डावीकडून."

एखादा मुरलेला अधिकारी असता तर त्यानं ढुंकूनही पाहिलं नसतं. पण कॅप्टनचं असलं हे पहिलंच काम. बिचारा आतून हादरलेला होता, आणि ठाम आवाजात काही सांगितलं की करायचं, एवढंच त्याच्या अंगात भिनलेलं. त्यातून फोटो चुकता कामा नये हे त्यानंच सकाळी बजावलं होतं. त्यानं ताईंपुढे दोन्ही हात केले आणि हळूच म्हणाला, "आई, जरा द्या."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग तो झेंडा त्यांनी झटकन दिला. दोन्ही हातांनी, घाईघाईनं. आणि त्यांचा चेहरा उजळला. उजळला याशिवाय दुसरा शब्द पुन्हामामाला नंतरही कधी सापडला नाही. मंगळवारपासून त्या चेहऱ्यावर जे काही बसलं होतं, ते उठून गेलं.

"आमचं नव्हतं ना हे?" त्यांनी विचारलं.

कॅप्टनला ते कळलंच नाही. तो डावीकडे सरकला, टाचा जुळवल्या, वाकला आणि घडी पुन्हा त्यांच्या हातांवर ठेवली. या वेळी फोटो उत्तम आला. आणि तेव्हा कुठे ताई रडल्या. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, जमिनीवर बसून रडल्या. मागच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "बरं झालं बाई, एकदाची मोकळी झाली." पुन्हामामाला सोडून मैदानात कुणाला काय झालं ते समजलं नाही, कारण बाकीचे सगळे झेंड्याकडे पाहत होते आणि हा एकटा चेहऱ्याकडे.

त्याचं बोट तेवढा वेळ बटणावरच होतं. अकरा फोटो निघाले होते.

फोटो कॉम्प्युटरवर घेणं, निवडणं, रंग नीट करणं, हे सगळं त्याची बायको करायची. दुपारी ती एकेक फोटो पुढे ढकलत होती. मधल्या एका फोटोवर ती थांबली. ताईंचे हात रिकामे होते आणि पुढे आलेले होते.

"अहो," ती म्हणाली, "ही हसतेय."

त्यानं तिला सगळं सांगितलं. स्टुलावर बसून, मान खाली घालून सांगितलं. बायकोनं माउसवरचा हात काढला.

"जन्माची खोड तुमची," मग ती म्हणाली. "मेलेल्या माणसालासुद्धा पुन्हा मरायला लावाल."

"आता काय करू?"

"करायचं काय त्यात? बाजूला ठेवा तो फोटो. अल्बममध्ये नको, पण ठेवा. तो आपला नाहीये, तिचा आहे."

ती चहा टाकायला आत गेली. पुन्हामामा त्या फोटोपुढे एकटा बसला. इतका चांगला फोटो त्यानं आयुष्यात काढला नव्हता, हे त्याला कळत होतं, आणि ते कळत होतं याचीच त्याला शिसारी आली. उद्या कुणी पाहिला तर? मुलाच्या अंत्यविधीला आई हसत होती म्हणून लोक तोंडाला येईल ते बोलतील. आणि ताईंनीच पाहिला तर आपण कुठल्या तोंडानं त्यांच्यासमोर उभं राहायचं? चहा उकळायच्या आत त्यानं तो पुसला. मागचे-पुढचे दोन-तीन होते, तेही पुसले. रविवारी एक लग्न होतं. कॅमेऱ्यातलं तेच कार्ड कोरं करून त्यानं लग्नाला वापरलं आणि काठोकाठ भरलं. आता ते परत येण्याचा काही मार्ग उरला नाही.

चांगला आलेला फोटो मुख्यालयात गेला, वर्तमानपत्रातही छापून आला. येणारा-जाणारा स्टुडिओत डोकावून सांगायचा, "मामा, काय फोटो काढलाय, डोळ्यांत पाणी आलं." तो मान हलवायचा. प्रत्येक कौतुक त्याला कानफटात मारल्यासारखं लागायचं. त्यानं दोन लग्नं नाकारली. एका साखरपुड्यात नवरदेवाचे डोळे मिटलेले आले, तरी हा गप्प. बायको म्हणाली, "मिटलेल्या डोळ्यांचा नवरा देणार का त्यांना?" त्यानं तसाच दिला.

ताईंचा अल्बम मात्र त्याच्याच्यानं पोचवला जाईना. आधी कागद चांगला मिळेना, मग बाइंडिंग पसंत पडेना, मग पुठ्ठ्याचा रंग. तीन आठवडे असे काढल्यावर बायकोनं अल्बम पिशवीत घालून पिशवी त्याच्या हातात कोंबली आणि त्याला दाराबाहेर काढलं. वाटेत तो माफीची वाक्यं घोकत होता आणि त्याच वेळी मनोमन विनवत होता, की ताईंना त्यातलं काही आठवत नसू दे. दुःखात माणसाला काय, दिवस कुठला तेही कळत नाही, असं तो स्वतःला समजावत होता.

लॉन्ड्री उघडी होती. पुढच्या खोलीत वाफ भरलेली. भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर कपड्यांचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला नावाची चिठ्ठी टाचलेली. ताई शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत होत्या. त्याला पाहून त्यांनी इस्त्री उभी केली, हात पुसले आणि टेबलावरचे कपडे सरकवून जागा केली.

"बसा, भाऊ."

त्या सावकाश पानं उलटत गेल्या. जवान, फैरी, बिगुल. मुलाच्या पेटीचा फोटो आला तिथे त्यांचा तळवा थोडा वेळ कागदावर राहिला. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी अल्बम मिटला नाही. परत मागे गेल्या, झेंड्याच्या फोटोपाशी थांबल्या.

"याच्या आधीचा कुठे आहे?"

"आधीचा कुठला, ताई?"

"साहेबांनी परत मागितला तेव्हाचा. तुमचं बोट बटणावर होतं, मी पाहिलं ना."

पुन्हामामाची घोकलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "ताई, चूक माझी होती," तो म्हणाला. "मीच त्यांना सांगितलं. सवयीनं बोलून गेलो. तुम्हाला दोनदा घ्यायला लागला तो... मला माफ करा."

"त्याचा राग नाही मला." ताईंनी फळ्यांकडे हात केला. "या धंद्यात रोजचंच आहे ते. एकाचा गठ्ठा दुसऱ्याच्या घरी जातो. मग मीच जाते, दारात उभी राहते आणि म्हणते, जरा द्या, चुकून तुमच्याकडे आलंय. लोक देतात. त्या साहेबांनी अगदी तसंच म्हटलं. मला वाटलं, घर चुकलंय यांचं. दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा आहे, आपला नाही." त्या थांबल्या. "आणि मला आनंद झाला, भाऊ. कुणा दुसरीचा मुलगा गेला म्हणून आनंद झाला. वाईटच ते. पण तेवढ्या वेळात माझा होता. तिकडे चौकीवर होता, जेवत असेल, झोपला असेल. गेल्याचं कळल्यापासून तेवढाच वेळ तो मला मिळाला. तो फोटो द्या मला."

बाहेर कुणीतरी कपडे न्यायला आलं होतं. ताईंनी त्या माणसाला हातानं थांबायची खूण केली.

"ताई, तो मी पुसला," पुन्हामामा म्हणाला.

"म्हणजे?"

"काढून टाकला. आता नाही तो. कुठेच नाही."

"का?"

"लाज वाटली."

"तुम्हाला लाज वाटली," ताई म्हणाल्या, "म्हणून माझा फोटो पुसलात?"

चौघांत तोंडघशी पडावं आणि वर कुणी हसूही नये, तसं त्याला झालं. बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं, आणि ऐकायला फार काही लागलं नसतं. नुसतं हात बांधून बसायचं होतं. उठून निघून जावं असं वाटत होतं, पण तो बसून राहिला. ताईंनी बाहेरच्या माणसाला त्याचा गठ्ठा दिला, चिठ्ठी काढून खिळ्याला लावली, परत येऊन बसल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुम्ही तर पाहिलाय ना तो?"

"हो."

"मग सांगा. कशी दिसत होते मी?"

एकतीस वर्षं त्यानं माणसांना तोंड कसं करायचं ते सांगितलं होतं. हनुवटी खाली, नजर इकडे, ओठ थोडे सैल. तोंड कसं होतं ते सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. तो अडखळतच बोलू लागला.

"हात पुढे होते तुमचे. दोन्ही. रिकामे. डावा थोडा वर. मान अशी साहेबांकडे वळलेली. कपाळावर एकही आठी नव्हती. डोळे... डोळे मोठे झाले होते. कुणी हाक मारली की होतात तसे. आणि ओठ उघडे होते, हसायला लागल्यासारखे. दात दिसत होते थोडे. तुम्ही वीस-बावीस वर्षांच्या दिसत होता, ताई. खरंच सांगतो."

ताईंनी डोळे मिटून घेतले होते. टेबलावरच्या अर्धवट शर्टावर त्यांचे हात पडलेले होते.

"मग?"

"मग साहेब डावीकडे सरकले, आणि त्यांनी तो झेंडा..."

"ते नको," ताई म्हणाल्या. डोळे त्यांनी उघडले नाहीत. "त्याच्या आधीपर्यंतच सांगा."