दोनदा दाबलं की सोडायचं

"आज हे घाल," मालक म्हणाला आणि त्याने गेंड्याच्या मांडीवर रबराचं एक शिंग टाकलं.

शिंग मऊ होतं. उभं धरलं की हळूहळू मान टाकायचं. कपाळावर बांधायच्या त्याच्या इलॅस्टिकला कुणाच्या तरी वाळलेल्या घामाचा आंबूस वास येत होता. वीसेक वर्षं 'गेंडा' म्हणून शोच्या कुस्तीत उतरणाऱ्या त्या माणसाने ते दोन बोटांत लांब धरलं, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसं.

"माझं कुठाय?"

"ते कातड्याचं? ते नको. ते उभं राहतं. हे बघ कसं पडतं," मालक च्युइंगम चघळत म्हणाला. त्याने अंगावर अत्तराची बाटली उपडी केली होती, तरी त्याखालून त्याचा स्वतःचा वास येतच होता. "आता शेवटचा सीन ऐक. तू चॅम्पियनच्या गळ्याला मागून विळखा घालायचा. तो तुझं मनगट दोनदा दाबेल. तू लगेच सोडायचं, हात जोडायचे, सॉरी सॉरी करायचं. तो लाथ घालेल, तू आडवा. लोक हसून हसून लोळतील."

त्या जुन्या लढतीतलं मनगटाचं मालकाला कुणी सांगितलं, हे गेंड्याला विचारायची गरजच नव्हती. ते माहीत असलेला माणूस समोरच्या बाकावर उकडलेलं अंडं सोलत बसला होता. इतकं मन लावून त्याने आजवर एकही डाव शिकला नव्हता.

शोच्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लोकांना वाटतं, म्हणजे सगळंच खोटं. पण खाली आपटणारी पाठ खरी असते, मान खरी असते. कधी पकड जास्त आवळली जाते, कधी बरगडी अडकते. तेव्हा ओरडून सांगता येत नाही, कारण पहिल्या रांगेतला माणूस हाताच्या अंतरावर बसलेला असतो. म्हणून या धंद्यात एक खूण असते. समोरच्याने मनगट दोनदा दाबलं की पकड सैल करायची. का, कशाला, विचारायचं नाही. गेंड्याच्या उस्तादाने पहिल्या दिवशी त्याला एवढंच शिकवलं होतं. बाकीचं, तो म्हणायचा, माकडालाही येतं.

गेंड्याने ते हाडीमासी मुरवलं. त्याच्या हाताखालून कधी कुणी दवाखान्यात गेला नाही. त्याची ख्याती म्हणाल तर तेवढीच, आणि ती लोकांना माहीत असायचं कारणच नव्हतं.

मग मिक्स्ड मार्शल आर्ट्सचं खूळ आलं. जाळीचा पिंजरा, ठोसे, लाथा, गळे आवळणं, सगळं खरंखुरं. आपला माणूस पिंजऱ्यात सोडला तर शोची तिकिटंही खपतील, हे मालकाच्या सुपीक डोक्यातून निघालं. गेंड्याचं वय तेव्हाच उतरणीला लागलं होतं. पण त्याला मनातून हवंच होतं ते. ठरलेलं हरण्याचा आणि ठरलेलं जिंकण्याचाही त्याला उबग आला होता. त्याने जीव तोडून सराव केला, नाक मोडून घेतलं आणि खरंच जिंकायला लागला. लेक तेव्हा कॉलेजात होती. ती मैत्रिणींना सांगायची, माझा बाबा खरा लढतो.

चॅम्पियनशी लढत झाली तेव्हा ती पहिल्या रांगेत होती. गेंड्याने त्याला खाली आणला, मागून गळ्यात हात घातला आणि आवळला. खेळ संपलाच होता. चॅम्पियनचे कान जांभळे पडले. तो आंधळ्यासारखा गेंड्याच्या हातावर चाचपडत होता, आणि चाचपडता चाचपडता त्याची बोटं गेंड्याच्या मनगटावर दोनदा मिटली.

गेंड्याचा हात सुटला. डोक्याला कळायच्या आत हाताने आपली नोकरी बजावली. चॅम्पियन वळला आणि त्याने एका ठोशात त्याला झोपवलं.

शुद्धीवर आला तेव्हा अंगावर पाण्याच्या बाटल्या पडत होत्या. जिंकलेला डाव कुणी असा सोडतो होय? विकला गेला. पंचांनाही तेच वाटलं, वर्तमानपत्रांनाही. शोचा पहिलवान, तिथे काय आणि इथे काय. त्याच्याशी पुन्हा कुणी खरी लढत लावली नाही. लेक काहीच बोलली नाही. घरी आल्यावर तिने त्याच्या सुजलेल्या डोळ्यावर बर्फ धरला, आणि त्यानंतर ती त्याची एकही कुस्ती बघायला आली नाही.

त्यानेही सांगितलं नाही. सांगणार काय? धंद्याची खूण बाहेर फोडायची नसते, हे एक झालं. पण खरं कारण वेगळं होतं. विकला गेलेला माणूस निदान हुशार तरी ठरतो. हाताच्या सवयीमुळे हरलेला माणूस म्हणजे घाण्याचा बैल. स्वतःची इतकी किळस त्याला आधी कधी आली नव्हती.

पुढे चॅम्पियनचेही गुडघे गेले, पिंजरा सुटला आणि तो शोमध्ये आला. त्याला शिकवायचं काम गेंड्याच्याच गळ्यात पडलं. पहिल्या दिवशी खूण सांगितली तेव्हा तो गादीवर मटकन बसलाच.

"म्हणजे दादा, त्या दिवशी..."

"हं."

"मी नुसता चाचपडत होतो हो."

"माहीत आहे. ऊठ, पुन्हा कर."

"मी कुणाला बोलणार नाही, दादा. आईशप्पथ."

आता तोच आईशप्पथवाला अंड्याचं टरफल वेचत होता.

"सहज निघालं हो तोंडातून," तो मान वर न करता म्हणाला. "सगळे तुम्हाला विकला गेला म्हणतात, ते मला बघवेना. म्हटलं मालकांना खरं कळलं तर ते तुमची बाजू घेतील."

"घेतली की. शिंगासकट."

मालक खो खो हसला. त्याच्या दातांत च्युइंगम दिसत होता.

"मी हे करणार नाही," गेंडा म्हणाला.

"नको करूस. मग आजची निरोपाची मॅच पण नको. आणि नवीन लोकांना शिकवायला तुला ठेवणार होतो, ते पण राहू दे. घरी बस." मालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ओलसर होता. "अरे, सहा वर्षं लोक तुला शिव्या देतायत. आता हसतील. वाईट काय त्यात?"

"माझी मुलगी येतेय आज."

"येऊ दे ना. ती पण हसेल."

गेंड्याला वाटलं, उठावं आणि ते शिंग याच्या घशात कोंबावं. पण त्याची मान आता पुरती वळत नव्हती, डाव्या हाताची दोन बोटं बधिर असायची, आणि शिकवण्याशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं. त्याने शिंग बांधलं. इलॅस्टिक कानामागे चिकट लागलं.

हॉल भरला होता. तळलेल्या तेलाचा, सांडलेल्या सरबताचा, तुंबलेल्या मोरीचा वास मारत होता. गेंडा दिसला तशी पहिल्या रांगेतून आरोळी आली, "आला रे विकाऊ!" आणि एक जण त्याच्या पायाशी थुंकला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने कौतुकाने नवऱ्याकडे पाहिलं. या लोकांसाठी आपण गुडघे झिजवले, असं गेंड्याच्या मनात आलं आणि तोंडात कडू पाणी सुटलं.

लेक चौथ्या रांगेत कडेला बसली होती. औषधाच्या दुकानातून कामावरून तशीच आलेली, मांडीवर पर्स घट्ट धरून. बाबाची शेवटची कुस्ती, म्हणून येते, एवढंच ती सकाळी म्हणाली होती.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. आपटणं, उठणं, दोरांवरून उसळणं. शिंग दर वेळी एकीकडे कलायचं आणि लोक खिदळायचे. शेवटी गेंड्याने चॅम्पियनला खाली आणला आणि मागून गळ्यात हात घातला. तीच मान, तोच घाम.

चॅम्पियनने मनगट दोनदा दाबलं.

गेंड्याने सोडलं नाही.

त्याला फक्त एवढंच हवं होतं की तिने बघावं. सहा वर्षांपूर्वी हा हात काय करू शकत होता, ते एकदा तिला दिसावं. नंतर शिकवणं जावो, मालक जावो, सगळं चुलीत जावो. त्याने हात आणखी आवळला. हसू हळूहळू विरलं. पंच खाली वाकला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "सोड, सोड ना." चॅम्पियनचे कान जांभळे झाले. एक टाच गादीवर घासली जात होती. हॉलमध्ये चिडीचूप झालं. इतक्या वर्षांत लोकांना पहिल्यांदाच काहीतरी खरं दिसत होतं, आणि ते अधाशासारखे बघत होते. त्यांचे उघडे जबडे पाहून गेंड्याला शिसारी आली. आपणही आत्ता त्यांच्यातलेच झालो आहोत, हे त्याला त्याच क्षणी कळलं.

मनगटावर पुन्हा बोटं आली. या वेळी चाचपडत नव्हती. अगदी हळू, शिकवल्यासारखी, एकदा मिटली. मग आणखी एकदा.

त्या दिवशी हात आपोआप सुटला होता. आज त्याने तो सोडला.

चॅम्पियन पालथा पडून खोकायला लागला. गेंड्याने हात जोडले नाहीत की सॉरी म्हटलं नाही. त्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि श्वास नीट चालतोय ना ते पाहिलं. पाहायला वाकला, तसं शिंग त्याच्या नाकावर लोंबकळलं आणि अख्खा हॉल फुटला. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते.

"लाथ घाल," गेंडा हळूच म्हणाला.

"दादा, मला..."

"घाल. हळू घातलीस तरी मी पडतो."

त्याने घातली. गेंडा पडला. इतका छान तो आयुष्यात कधी पडला नव्हता.

कपडे बदलायच्या खोलीत मालक आधीच पोचला होता. "ते मधे न सोडणं!" तो म्हणाला. "मला सुद्धा खरं वाटलं रे. उद्या शिकवायला येशील तेव्हा हे पोरांना शिकव." त्याने गेंड्याचा गालगुच्चा घेतला आणि गेला. गेंड्याने गाल टॉवेलने पुसला. मग पुन्हा पुसला.

दार वाजलं. लेक आत आली, कुबट वासाने तिचं नाक आक्रसलं. शिंग जमिनीवर पडलं होतं. तिने ते पायाने बाकाखाली सारलं.

"हसलीस?" त्याने विचारलं.

"नाही."

तो बुटाची नाडी सोडवायला वाकला. बधिर बोटांत गाठ येईना. बाहेर कुणीतरी "शिंग बघ, शिंग बघ" करून त्याची नक्कल करत होतं आणि बाकीचे हसत होते.

"तेव्हा पण त्याने असंच दाबलं होतं?" ती म्हणाली.

"तुला दिसलं?"

"मी तुझ्या हाताकडेच बघत होते."

"हं. असंच. पण त्याला ठाऊक नव्हतं."

"मग बोलला का नाहीस बाबा? मी सहा वर्षं..." तिने वाक्य तसंच सोडून दिलं. डोळे पुसले, रागाने, आणि जमिनीवर बसली. "दे इकडे पाय."

तिने गाठ सोडवली, नाड्या मोकळ्या केल्या आणि टाचेला धरून बूट ओढला. घोटा टम्म सुजला होता. बूट अडला. तिने जोर लावला, तशी कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. तो ओरडला नाही. ओरडायची सवयच नव्हती. त्याचा हात मात्र पुढे गेला आणि त्याने तिचं मनगट दोनदा दाबलं.

तिचा हात थांबला.