नरहरीची चालती वई

शिरगावात नरहरीची वई चालते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत मात्र कोणी नव्हतं. ज्याच्या त्याच्या वाडीचं एखादं कुंपण थोडंफार चालतच होतं.

वई म्हणजे बोरीच्या वाळक्या काट्यांचं कुंपण, ते पावसात कुजतं. दसरा झाला की नवी घालायची. नरहरी ती स्वतः राबून घाली, आणि दर खेपेला वीतभर पुढे, चुलत बहीण गोदूबाईच्या वाडीत घाली. दुसऱ्याचं कुंपण फुकट घालून देणारा असा परोपकारी माणूस विरळाच! आता वई गोदूबाईच्या विहिरीला भिडायला आली होती. विहीर पलीकडे गेली की मोगरा गेला, केळी गेल्या. वाडी नावापुरती उरणार.

"नरू, औंदा वई मी घालतंय," गोदूबाई एका सकाळी म्हणाली.

"घाल की! काटे तोडायला माणूस हाय का तुज्याकडं?"

"तोडायचे नाय. लावायचे हायत."

तिनं ओट्यावर सागरगोटे ओतले. पोरी खेळतात तेच, करडे, गारगोटीसारखे. नरहरी पोट धरून हसला. "अगो, हे रुजंपर्यंत आपली नातवंडं म्हातारी व्हतील!"

गोदूबाई एकेक बी दगडी पायरीवर घासत बसली. कवच झिजवून पाण्यात भिजत घातलं की सागरगोटा मुकाट्यानं रुजतो. घासून तापलेला एक तिनं हळूच नरहरीच्या दंडाला टेकवला.

"आई गं!"

"शाळेत पण असाच वरडायचास."

आषाढात तिनं विहिरीच्या पलीकडून, नरहरीच्या अंगाला ओळ पेरली. नरहरीनं रोपांवर शेळ्या सोडल्या. त्या तोंडं ओरबाडून घेऊन परतल्या. पुढच्या वर्षी वई कमरेला आली, त्याच्या पुढच्या वर्षी डोक्यावर. गोदूबाई फक्त आपल्या अंगानं छाटायची. नरहरीच्या अंगानं ती हवी तशी माजू दिली होती.

म्हणून तर एके दिवशी, गोदूबाई पालघरच्या बाजाराला गेल्यावर, नरहरी कोयता घेऊन तिच्याच फाटकातून आत शिरला. विहिरीजवळचा बुंधा तोडायला वाकला. सागरगोट्याच्या वेलीचे काटे मागं वळलेले, म्हणून वईत शिरताना काही लागलं नाही. मागे सरकताना मात्र प्रत्येक काट्यानं धोतराला विचारलं, निघालात कुठं?

मासळीची पाटी घेऊन चाललेली गोजराबाई रस्त्यावरूनच ओरडली, "नरहरीभाऊ, काय शोधताव?"

"ओढ गो मला!"

"नाय बा. धोतर माज्या हाती आलं तर गावाला काय सांगू?"

तिनं पाटी उतरवली ती तिथंच, आणि मासळी घ्यायला जमलेल्यांना नरहरी फुकटात दाखवला. गोदूबाई एसटीतून उतरली तेव्हा फाटकाशी बरीच मंडळी होती. तिनं त्याच्या हातून पडलेला कोयता उचलला.

"काप लवकर!" नरहरी कण्हला.

"कापतंय. आधी सांग, तुजे पाय कोणाच्या जमिनीत हायत?"

नरहरीनं फाटकाकडे पाहिलं. सगळे ऐकत होते.

"तुज्या."

"आणि वई?"

"तुजीच गो बाय! हद्द पण तुजीच!"

गोदूबाईनं धोतर कापलं. वेलीचं पानही तोडलं नाही.

दसऱ्यानंतर नरहरी तिच्या ओट्यावर आला, दंड जरा दूर धरून. "मूठभर सागरगोटे दे," म्हणाला. "पलीकडं कमलाकांताची वई माज्या वाडीत चालायला लागलीय."

"देतंय," गोदूबाई म्हणाली. "पण पायरी तुजी वापर."