बॅग आधी निघाली

झरीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, की बायनाबाई आणि लिंबाजी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात चाललेत आणि लपवायचं म्हणून जहाजाचं नाव सांगताहेत. उरलेल्या निम्म्यांना जहाजाचं पटलं, पण लिंबाजी जाईल हे काही पटेना. बायनाबाईची पंचाईत हीच होती, की तिलाही ते पटत नव्हतं.

मुलगा अंगद पुण्याला नोकरीत. त्यानं आणि सुनेनं, दीपिकानं, दिवाळीनंतरच्या क्रूझची सगळ्यांची तिकिटं काढली होती. मुंबईत जहाजावर चढायचं, पाण्यावरच जेवायचं, पाण्यावरच झोपायचं आणि गोवा बघून माघारी यायचं. जहाजात पलंगावर पडल्या पडल्या खिडकीतून समुद्र दिसतो, असं नात सृष्टीनं फोनवर सांगितलं तेव्हापासून बायनाबाईचं कामात लक्ष नव्हतं. तिनं आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे येलदरीचं धरण. ज्याचा पलीकडचा काठच दिसत नाही असं पाणी नवऱ्याच्या शेजारी उभं राहून एकदा बघावं, एवढीच तिची इच्छा होती. पण हा नवरा लग्न झाल्यापासून शेळ्या-मेंढ्या सोडून एक रात्र बाहेर राहिलेला नव्हता. अंगदच्या लग्नात वरात दारात वाजत होती आणि हा फेटा बांधलेल्या डोक्यानं शेळ्या कोंडायच्या वाडग्यात त्या मोजत बसला होता.

तयारीची सूत्रं दीपिकाच्या हातात होती. दीपिका म्हणजे अशी बाई, की तिच्या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘मीठ’ असं लिहिलेलं. रोज सकाळी व्हिडिओ कॉल लावून ती सासूचा तास घ्यायची. कपड्यांची घडी घालायची नाही, सुरळी करायची, जागा कमी लागते. एकेका दिवसाचा जोड वेगळ्या पिशवीत ठेवायचा, म्हणजे रोज सगळी बॅग उपसावी लागत नाही. दोघांत मिळून एकच मोठी बॅग. ती बंदरावर जहाजाचे लोक ताब्यात घेतात आणि संध्याकाळपर्यंत खोलीत आणून देतात. म्हणून गोळ्या, आधार कार्ड आणि एक जोड कपडे खांद्यावरच्या पिशवीत. चाकू-कात्री चालत नाही आणि घरचं खाणंही चालत नाही. हे शेवटचं ऐकून बायनाबाईला फार वाईट वाटलं. परक्यांच्या जहाजावर रिकाम्या हातानं जायचं कसं?

बाकी सगळं मात्र तिला मनापासून आवडलं. जुन्या लुगड्यांच्या तिनं मशीनवर पिशव्या शिवल्या. हिरवी पहिल्या दिवसाची, जांभळी दुसऱ्या दिवसाची, डाळिंबी तिसऱ्या दिवसाची, प्रत्येकीला नाडी. दीपिकानं त्यांचे फोटो ऑफिसातल्या मैत्रिणींना पाठवले आणि दोघींना तशाच पाहिजेत म्हणून निरोपही आला. जहाजावर एका रात्री सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे असतात म्हणून अंगद बाजारात पळाला होता. लिंबाजीला त्यासाठी काहीच करावं लागणार नव्हतं. त्याच्याकडे दुसरा रंगच नव्हता.

लिंबाजी हे सगळं बघत होता आणि रोज एक नवं कारण काढत होता. आधी म्हणाला, खाऱ्या पाण्याची हवा आपल्याला सोसत नाही. मग म्हणाला, जहाजात बैठक मारून जेवता येत नाही. मग गुडघा दुखायला लागला, तोही नेमका पुण्याचा फोन आला की. बायनाबाईला सगळं कळत होतं. त्याचं खरं घोडं शेळ्यांपाशी अडलं होतं. दोन शेळ्या गाभण, दिवस भरत आलेले, आणि आपल्या जनावरांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे. शेवटी त्यानं ठेवणीतलं कारण काढलं. गाडी शुक्रवारची होती.

“शुक्करवारी मावळतीला निघत न्हाईत,” तो समाधानानं म्हणाला. “तुलाच लय असतंय दिशाशूळ. आता तूच बघ.”

बायनाबाईला खरोखरच लय असायचं. सोमवारी-शनिवारी उगवतीला नाही, शुक्रवारी-रविवारी मावळतीला नाही, हे तिनं जन्मभर पाळलं होतं आणि मुंबई तर सरळ मावळतीला. लिंबाजीनं तंबाखूची चिमूट दाढेखाली सोडली आणि गुडघ्याचं दुखणं विसरून तरातरा वाडग्याकडे गेला. पण चुलीवरचं दूध उतू जायच्या आत बायनाबाईला तिच्या आईची रीत आठवली. निघायचा वार वाईट असला, की आई प्रस्थान ठेवायची. म्हणजे आधीच्या चांगल्या वारी आपलं सामान, सुपारी आणि मूठभर तांदूळ बांधून जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. सामान उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघाला असंच धरायचं. मग जायच्या दिवशी त्या घरून पुढे जायचं, वार कोणताही असो. फक्त एक पथ्य होतं. ठेवलेलं सामान माघारी घरात आणायचं नाही. आणलं तर जाणं मोडलं.

सोमवारी लिंबाजी शेळ्या घेऊन माळावर गेल्यावर तिनं सगळं बॅगेत भरलं आणि चाकं वाजवत ती मुरमाच्या वाटेनं ओढत नेली. आता अडचण एवढीच होती, की त्यांचं घर गावाच्या मावळतीच्या टोकाला. त्याच्या पुढे एकच घर, आणि ते बजरंगचं.

बजरंग म्हणजे लिंबाजीचा धाकटा भाऊ. अंगदच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले गेले आणि गडबडीत सख्ख्या चुलत्याला बांधायचा राहिला. बजरंग न जेवता उठून गेला. त्यानं येऊन विचारावं म्हणून लिंबाजी थांबला आणि यानं येऊन समजूत काढावी म्हणून बजरंग थांबला. असे थांबून थांबून दोघांनी सृष्टी शाळेत जायला लागेपर्यंतची वर्षं घालवली. बायकांनी मात्र असला काही घोळ घातला नव्हता. बजरंगची कासाबाई आणि बायनाबाई हापशावर रोज भेटत, विरजण आणि पीठ एकमेकींच्या घरी जात-येत असे, आणि दोघा भावांना ते ठाऊक असून ठाऊक नव्हतं. कासाबाईनं बॅग पाहिली, हळदी-कुंकू लावलं आणि देवघराखाली ठेवून घेतली. बजरंगनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आक्काची आहे. ती बायनाबाईलाच आक्का म्हणायची, तेव्हा ते काही खोटं नव्हतं.

संध्याकाळी लिंबाजी घरी आला आणि चष्मा शोधायला लागला. मग चंची शोधायला लागला. तंबाखू माळावरच संपली होती आणि सगळा साठा त्या चंचीत. मग दाढीचं सामान. तेव्हा कुठे बायनाबाईच्या डोक्यात उजेड पडला. दीपिकानं सांगितलं होतं, जे रोज लागतं ते आधी भरा, तेच विसरतं. तिनं ते शब्दाला शब्द पाळलं होतं आणि माणसाचा अख्खा संसार चार दिवस आधी बॅगेत घातला होता. बॅग कुठे आहे हे तिनं चुलीकडे बघत सांगितलं. लिंबाजीनं रिकामा खिसा पुन्हा एकदा चाचपला. मग तो म्हणाला, जा आणि घेऊन ये. ती म्हणाली, आणता येत नाही, मोडतं. तिथे जाऊन वापरलं तर चालतं.

ती रात्र लिंबाजीनं तंबाखूवाचून काढली. सकाळी तो कुणी बघत नाही ना हे बघत बजरंगच्या ओट्यावर जाऊन बसला. कासाबाईनं चंची आणून दिली. त्यानं तंबाखू मळली, खाल्ली, चंची परत दिली आणि चहाला नाही म्हणून उठला. बजरंग ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून दावं वळत बसला होता. दुपारी लिंबाजी पुन्हा गेला. बुधवारी त्याला चहाला नाही म्हणणं जमलं नाही, कारण तोवर दाढी चांगलीच वाढली होती आणि गरम पाणी कासाबाईच देणार होती. दोघे भाऊ अजूनही एकमेकांशी बोलत नव्हते, पण कासाबाईशी दोघेही बोलत होते आणि तेही जरा मोठ्यानं. कुणाची तरी कबरी शेळी चालताना मागचे पाय फाकवायलीय, असं बजरंगनं बायकोला सांगितलं. कुणाला तरी त्याची फिकीर करायची गरज नाही, असं लिंबाजीनं भावजयीला सांगितलं. बायनाबाईला हे कासाबाईकडून कळत होतं आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

गुरुवारी सकाळी मात्र हसायची सोय राहिली नाही. लिंबाजी दाढीला गेला आणि इकडे कबरी अडली. करडाचा एकच पाय बाहेर आला आणि बाकी काही हलेना. शेळीनं मान टाकली. बायनाबाई अनवाणी पळत सुटली. लिंबाजी गालाला साबण तसाच ठेवून धावला, आणि त्याच्या मागोमाग, कुणी बोलावलं नसताना, बजरंग. भावकीत अडलेली शेळी सोडवायला पूर्वी त्यालाच बोलावत, कारण त्याचा हात लहान मुलासारखा निमुळता. रुसवा झाल्यापासून लिंबाजी परगावचा माणूस आणत असे. बजरंगनं हाताला तेल लावलं, डोळे मिटले, आत वळलेला पाय सरळ केला आणि हळूच करडू ओढून घेतलं. त्याच्या मागं दुसरं आपोआप आलं. लिंबाजी कबरीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या गालावरच्या साबणानं वाळून पापुद्रे धरले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यानं साबणावर ढकललं.

करडं उभी राहिली, चिकाला लागली, आणि लिंबाजी शांतपणे म्हणाला, “आता माझं जाणं व्हत न्हाई. बॅग आण माघारी.”

इतके दिवस कारणं खोटी होती, म्हणून बायनाबाईला भांडता येत होतं. हे कारण खरं होतं. नुकती व्यालेली शेळी, अशक्त करडं, दुसरी आज-उद्या विणार. ती तिथंच शेणात बसली. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

“मी जाईन की पोरांसंगं,” ती म्हणाली. “समुद्रबी बघीन. पर बघून दाखवू कुणाला? माझ्या शेजारी तुमीच नसल्यावर त्याला काय करायचंय?”

लिंबाजीनं कबरीच्या मानेवरून उगीच हात फिरवला. बायको असं काही बोलेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. बजरंग हात धूत होता. त्यानं ते पुसले आणि तो बायनाबाईकडेच बघून बोलला.

“वैनी, बॅग भेटत न्हाई. परस्थान ठिवलेलं सामान माझ्या घरून माघारी गेलं असं मी व्हऊ देत न्हाई. जायचं तिथं जा. शेळ्या मी बघतो.”

बायनाबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काय चाललंय हे तिला साबणाआडूनही दिसत होतं. आपली जनावरं, आणि दुसऱ्याचा हात. शेवटी वाडग्याच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या कासाबाईला लिंबाजी म्हणाला, “त्याला सांग, कबरीला कोरडा चारा चालत न्हाई. भुईमुगाचा पाला लागतोय. अन् लहानं करडू डाव्याच सडाला धरायचं.”

“म्हाईत हाय,” बजरंग म्हणाला. “तिची माय माझ्याच वाडग्यातली व्हती.”

मग सूचनांना खंडच राहिला नाही. कोणती शेळी शिंग मारते, कोणती रात्री ओरडते, पाणी कधी, पाला किती. लिंबाजी कासाबाईला सांगत होता, बजरंग कासाबाईला उत्तर देत होता आणि कासाबाई दोघांच्या मधून केव्हाच उठून चहा टाकायला गेली होती. हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. बायनाबाईच्या आलं. तिनं डोळे पुसले आणि दीपिकाला फोन लावून विचारलं, की नवऱ्याची चंची मोठ्या बॅगेत ठेवावी की खांद्यावरच्या पिशवीत. दीपिका म्हणाली, आई, ती घरीच ठेवा. बायनाबाईनं बरं म्हटलं आणि चंची खांद्यावरच्या पिशवीत टाकायचं मनोमन ठरवलं.

शुक्रवारी दोघं बजरंगच्या घरून निघाले. लिंबाजी पांढऱ्या धोतरात, पांढऱ्या पैरणीत, जहाजावरच्या पांढऱ्या रात्रीला दोन दिवस आधीच तयार. बॅग बजरंगनं डोक्यावर घेतली. तिला चाकं आहेत असं बायनाबाईनं दोनदा सांगितलं, पण त्यानं ऐकलं नाही. स्टँडवर परभणीची बस लागली. बजरंगनं बॅग आत चढवली, सीटखाली सरकवली, हलते का ते बघितलं आणि खाली उतरून खिडकीखाली उभा राहिला. दोघे भाऊ दोन दिशांना बघत होते. कंडक्टरनं घंटी मारली. लिंबाजीनं खिडकीतून मान बाहेर काढली.

“बजरंग,” तो म्हणाला. “तूबी काढ की कुठंतरी जायचं. उगवतीकडं.”

बजरंगनं वर पाहिलं. “उगवतीकडं काय हाय, दादा?”

“पयलं घर माझंच हाय,” लिंबाजी म्हणाला. “बॅग ठिवायला.”